कोठावदे सरांचा नवा चेंडू

कोठावदे सर क्रिकेटचा सामना डोळे मिटून बघत. टीव्हीसमोर खुर्ची टाकायची, मान किंचित डावीकडे कलती करायची, डोळे बंद, आणि समालोचकाचं वाक्य संपलं की "वा!" किंवा "गाढव!" यांतला एक शब्द टाकायचा. शाळेच्या मैदानावर आम्हा मुलींचा सामना चालू असला तरी तेच. चेंडू टाकला जायच्या नेमक्या क्षणी सर कुंपणापलीकडच्या रस्त्याकडे तोंड करून उभे असत आणि मग आम्हालाच विचारत, "काय झालं गं?" आम्ही सांगू ते खरं. सरांचं बालपण सटाण्याला एका किराणा दुकानाच्या ओट्यावर रेडिओ ऐकण्यात गेलं होतं. क्रिकेट ही कानाने करायची गोष्ट आहे हे तिथे त्यांच्या डोक्यात जे बसलं, ते पुढे कोणालाही काढता आलं नाही.

गंगापूर रोडच्या आतल्या अंगाला आमची मुलींची शाळा होती आणि सर तिथे खेळाचे शिक्षक होते. मी सायखेड्याहून रोज एसटीने येणारी. आज मी स्वतः एका शाळेत खेळ शिकवते, पन्नाशी गाठली आहे. सर दोन महिन्यांपूर्वी गेले. शाळेने त्यांच्यावर स्मरणिका काढायचं ठरवलं आणि माझ्याकडे 'प्रेमळ आठवणी' मागितल्या. बराच शोध घेतला, पण माझ्याकडे तसला माल नाही. जे आहे ते लिहिते. छापतील असं वाटत नाही.

एक आधीच सांगून टाकते. मला सरांचा राग वगैरे नव्हता. राग यायला समोरच्या माणसात काही दम असावा लागतो. मला सर फालतू वाटायचे. आणि माणूस गेला की आपोआप मोठा होतो, यावर माझा विश्वास नाही.

सरांच्या हाताखाली क्रिकेट खेळायचं म्हणजे आधी पाठांतर. सकाळी सात वाजता मैदानावर रांगेत उभं राहायचं, हात पाठीमागे, आणि भारताचे संघ म्हणायचे. लॉर्ड्सवर पहिल्यांदा उतरला तो संघ, फलंदाजीच्या क्रमाने. वेस्ट इंडिजमध्ये पहिल्यांदा मालिका जिंकली तो. इंग्लंडमध्ये जिंकली तो. विश्वचषक आणला तो. शुभंकरोतीच्या चालीवर अकरा नावं एका दमात. मध्ये कोणी अडखळलं की सगळ्या रांगेने पुन्हा पहिल्यापासून. नावं मी इथे देत नाही. ती थोर माणसं होती आणि या प्रकरणात त्यांचा काही दोष नाही.

जिचं चुकेल तिला त्या दिवशी ना बॅट ना चेंडू. तिने सीमारेषेवर उभं राहायचं आणि बाकीच्यांनी मारलेले चेंडू आणून द्यायचे. "ज्याला इतिहास पाठ नाही त्याने बॅटला हात लावू नये," हे सरांचं लाडकं वाक्य. मंदा शिरसाठ नावाची मुलगी होती आमच्यात, झेल घ्यायला तिच्याइतके चांगले हात मी नंतरही फारसे पाहिले नाहीत. पण तिला पाठांतर जमायचं नाही. मंदाने दोन वर्षं सीमारेषेवर काढली आणि मग ती खो-खोला गेली. सरांना त्याचं काही वाटलं नाही. ज्या मुली उरल्या त्यांना इंग्लंडच्या दौऱ्यात सातव्या क्रमांकावर कोण आला होता हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं, आणि पुढे पाय टाकून चेंडू अडवायचा कसा, हे त्यांतल्या चौघींनाही धड येत नव्हतं.

एकदा वरचे कोणी साहेब शाळा तपासायला आले. सरांनी आम्हाला रांगेत उभं केलं आणि लागोपाठ चार संघ म्हणवून घेतले. साहेब इतके खूश झाले की त्यांनी तिथल्या तिथे सरांच्या हातात नारळ दिला. मुली खेळतात का, हे त्यांनीही विचारलं नाही.

सर स्वतः किती खेळले होते? बोलताना तर 'आमच्या वेळी' शिवाय वाक्य सुरू होत नसे. "आमच्या वेळी मनगट होतं मनगट. ही आत्ताची पोरं केसांना तेल लावून जाहिरातीत उभी राहतात आणि मधल्या वेळेत क्रिकेट खेळतात." पुढे तेलाच्या जागी जेल आलं, बाकी वाक्य तेच राहिलं. ही 'आमची वेळ' म्हणजे काय, ते आम्हाला त्यांच्या घरी संक्रांतीचा तिळगूळ घ्यायला गेलो तेव्हा काकूंकडून कळलं. सर कॉलेजच्या संघात बारावे होते. "पाणी वेळेवर न्यायचे म्हणे," काकू सरळ चेहऱ्याने म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. त्या घरात खरं बोलणारं तेवढं एकच माणूस होतं.

सरांच्या इतिहासात हार नावाची वस्तू नव्हती. लॉर्ड्सवर आपला संघ एकदा बेचाळीस धावांत गारद झाला होता. हे मला दादांकडून, म्हणजे माझ्या वडिलांकडून, कळलं होतं. एका सकाळी मी भाबडेपणाने विचारलं, "सर, त्या बेचाळीसवाल्या डावातला संघ म्हणायचा का?" सर शुद्ध बोलत, पण संतापले की सटाण्याची अहिराणी वर यायची. "तुले काय समजस!" ते ओरडले आणि मला तीन दिवस सीमारेषेवर पाठवलं. ज्या गोष्टीने आपली मान खाली जाते ती घडलीच नाही, असं धरून चालायचं, ही त्यांची इतिहास जपण्याची पद्धत.

आणखी एकदा कोणीतरी विचारलं होतं, "सर, आपल्या देशाचा बायकांचा पण संघ आहे ना?"

"आहे ना," सर म्हणाले. "त्यांचा सगळा इतिहास काड्यापेटीच्या पाठीवर मावेल."

आम्ही सगळ्या हसलो. मीही हसले. हे सांगायला लाज वाटते, पण सरांचं सगळं सांगायचं आणि आपलं झाकायचं, हे बरं नाही.

आता माझं सांगते. मला वेगात चेंडू टाकता यायचा. कोणी शिकवलं नव्हतं. आमच्या मळ्यात पेरूवर पोपट बसायचे आणि त्यांना ढेकळं मारून उठवायचं काम लहानपणापासून माझ्याकडे होतं, त्यात खांदा तयार झाला. शाळेत वर्षाला दोन नवे चेंडू यायचे. तो लाल, गुळगुळीत चेंडू पहिल्यांदा हातात आला त्या दिवशी मला एक शोध लागला. त्याची एक बाजू स्कर्टला घासून घासून चकचकीत ठेवली, शिवण सरळ धरली आणि जोरात टाकला, की तो सरळ जाता जाता शेवटच्या दोन पावलांत हवेतच आत वळायचा. समोरच्या मुलीची बॅट एकीकडे आणि स्टंप दुसरीकडे. याला स्विंग म्हणतात हे मला माहीत नव्हतं. मी त्याला वळसा म्हणायचे. स्कर्टवर चेंडूचा लाल रंग उतरायचा आणि आई विचारायची, "कुकू सांडलं का काय अंगावर?"

सरांना मी शंभर वेळा सांगितलं असेल की माझा चेंडू वळतो. पण तो बघायचा तर मी टाकत असताना माझ्याकडे बघायला हवं होतं. शिवाय सरांचा एक सिद्धान्त होता. "वेगवान गोलंदाज ही परदेशी थेरं. आपल्याकडे त्याचं काम एवढंच, दोन षटकं टाकायची, चेंडूची चमक घालवायची आणि तो फिरकीवाल्याच्या हातात द्यायचा. चार फिरकीवाल्यांनी आपलं नाव जगात नेलं. आपली माती फिरकीची." यात खोटं काही नव्हतं. एके काळी आपला संघ नवा चेंडू मुद्दाम जमिनीवर घासायचा, फिरकीवाल्यांना तो लवकर वापरता यावा म्हणून. पण ते एके काळी. नंतर त्याच संघात एक खरा वेगवान गोलंदाज आला, नव्या चेंडूवर त्याने भल्याभल्यांची भंबेरी उडवली, तो कर्णधार असताना विश्वचषकही आला. सरांना त्याचं नाव क्रमासकट पाठ होतं. तो काय करत होता, ते मात्र कधी कळलं नव्हतं.

मी नववीत असताना जिल्ह्यातल्या मुलींची निवड चाचणी जाहीर झाली. निवडलेल्या मुलींना पुण्याला महिनाभराच्या शिबिराला न्यायचं होतं आणि राज्याच्या संघाचा रस्ता तिथून जात होता. दादांनी मला समोर बसवलं. "एक डाव देतो तुला. निवडली तर जा पुण्याला, मी सोतः सोडायला येतो. नाय निवडली तर दहावीचं बघायचं. मंग खेळाचं नाव नाय काढायचं." दादा शब्दाला पक्के होते, दोन्ही बाजूंनी. त्यामुळे ती सकाळ माझ्यासाठी काय होती, हे वेगळं सांगायला नको.

चाचणीची पद्धत अशी होती की प्रत्येक शाळेने आपला एक नवा चेंडू आणायचा आणि त्या शाळेच्या मुलींनी त्याच चेंडूने टाकायचं. निवड करायला मुंबईहून एक बाई आल्या होत्या. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्यावर पांढरी कापडी टोपी. त्या देशासाठी खेळलेल्या होत्या. हे आम्हाला दुसऱ्या शाळेच्या मुलींनी सांगितलं. अकरा अकरा नावांचे चार संघ आम्हाला पाठ होते, आणि आपल्याच देशाकडून खेळलेली बाई समोर उभी होती तर तिचं नाव आमच्यातल्या एकीलाही माहीत नव्हतं.

सरांना तर त्या कोणा मुलीची मावशी वाटल्या. त्यांनी बाईंना खुर्ची दिली, शेजारी स्वतः बसले आणि सुरू झाले. लॉर्ड्सवर पहिला संघ उतरला तेव्हा संस्थानिक कर्णधार कसा मोठ्या मनाने बाजूला बसला, ती त्यांची आवडती कथा. बाई ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "हो, मी इंग्लंडला जाऊन आलेय."

"अरे वा. फिरायला?"

"खेळायला."

"छान, छान," सर म्हणाले. "तर मी काय सांगत होतो, तो संस्थानिक..."

मी हे दहा पावलांवरून ऐकत होते. बाईंनी एकदा आमच्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि टोपी जरा पुढे ओढून घेतली. नंतर चहाच्या वेळी त्या आमच्यात येऊन पायरीवर बसल्या होत्या. त्यांच्या वेळच्या गोष्टी सांगत होत्या. आरक्षण नसलेल्या डब्यात किटबॅगांवर बसून कसं जायचं, सगळ्या संघात मिळून दोन-तीनच चांगल्या बॅटी, बाद झालेलीने पळत येऊन आपले पॅड पुढच्या बाईला बांधायचे, शाळेच्या वर्गात फरशीवर झोपून सकाळी देशासाठी खेळायला उतरायचं. यातलं एकही वाक्य सरांनी ऐकलं नाही. ते तेव्हा कोणा पालकाला संघ म्हणून दाखवत होते.

पण ते नंतर. त्याआधी आमच्या शाळेचं नाव पुकारलं गेलं. सरांनी खोक्यातून नवा चेंडू काढला, त्याचा पातळ कागद सोडवला, आणि पायरीवर बसून तिच्या सिमेंटच्या कडेवर तो घासायला लागले. शांतपणे, चंदन उगाळावं तसा. मी धावत गेले.

"सर, नका घासू! मला चमक लागती. माझा चेंडू वळतो, सर, नवा असला की वळतो."

सरांचा हात थांबला नाही. "वेस्ट इंडिजमध्ये जिंकलेला संघ. नववा कोण?"

मला ते नाव येत होतं. रोज म्हणत होते. त्या वेळी मात्र तोंडातून काही निघेना.

"नववा आठवत नाही, आणि मला चेंडू शिकवते," सर म्हणाले आणि त्यांनी चेंडूची दुसरी बाजू घासायला घेतली. बाई तिथून दहा पावलांवर होत्या. त्यांच्याकडे जाऊन सांगायला हवं होतं. मी गेले नाही. सर घासत होते आणि मी हात पाठीमागे बांधून उभी होते.

चेंडू हातात आला तेव्हा तो बटाट्यासारखा झाला होता. मी दोन षटकं टाकली, जीव तोडून टाकली. प्रत्येक चेंडू सरळ गेला आणि समोरच्या मुलीने सरळ मारला. स्कर्टवर घासून पाहिलं, पण चमकायला वर काही उरलंच नव्हतं. षटकं संपल्यावर बाईंनी मला हाक मारली आणि चेंडू मागितला.

"हा नवा आहे?"

"हो. आत्ताच काढला."

"मग असा कसा?"

"सरांनी घासला."

बाईंनी चेंडू हातात फिरवून पाहिला. दुसरा आहे का, विचारलं. नव्हता. शेजारच्या शाळेच्या शिक्षकांकडे त्यांनी स्वतः जाऊन मागितला. त्यांच्या मुलींचं टाकणं अजून व्हायचं होतं, त्यांनी दिला नाही, आणि त्यांचंही बरोबर होतं. बाई परत आल्या. "धावत येणं चांगलं आहे, मनगट सरळ आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "हा हवेत हलला असता तर मी आज तुला नेली असती. पण मला जे दिसलं तेच लिहावं लागतं गं. पुढच्या वर्षी ये."

मला पुढचं वर्ष नव्हतं, हे त्यांना कुठे माहीत होतं.

परत येताना सर खुशीत होते. "मी म्हटलं नव्हतं? वेगात टाकून काही होत नाही. आपली माती फिरकीची." दादांनी स्टँडवर माझा चेहरा पाहिला आणि काही विचारलं नाही. त्यांनी मला ओरडावं किंवा समजूत घालावी असं मला वाटत होतं. त्यांनी फक्त शब्द पाळला. दहावी झाली, बारावी झाली, शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम झाला, लग्न झालं, नोकरी लागली. वाईट काहीच झालं नाही. सुखाची नोकरी आहे, घर आहे. पण टीव्हीवर कोणी मुलगी नवा चेंडू घेऊन धावत येते, तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात जाते. घरच्यांना वाटतं, मला टेन्शन सहन होत नाही.

सर निवृत्त झाले आणि व्याख्याते झाले. नाशिकमध्ये ज्येष्ठ नागरिकांचे संघ आणि कॉलनीची मंडळं यांना तोटा नाही, आणि व्याख्यानाला माणूस हवाच असतो. 'भारतीय क्रिकेटचा सुवर्णकाळ' हे त्यांचं व्याख्यान मी तीनदा ऐकलं आहे. मागच्या रांगेत बसून ऐकायचे. का जात होते, असं कोणी विचारलं तर उत्तर सोपं आहे. एखाद्याला तुच्छ मानायचंही व्यसन लागतं, अधूनमधून खात्री करून घ्यावीशी वाटते. सरांनी कधी निराश केलं नाही.

मागच्या नोव्हेंबरात आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात गेले नाही. सकाळी माझ्याकडे सरावाला येणाऱ्या चौदा मुली आमच्या घरात दाटीवाटीने बसल्या होत्या, आणि शेवटचा झेल घेतला गेला तेव्हा त्या नाचायला लागल्या आणि मी रडायला लागले. एकीने विचारलं, "मॅडम, जिंकलो ना आपण?" मी म्हटलं, "हो गं, म्हणूनच."

पंधरवडा गेला नसेल, गंगापूर रोडवरच्या एका कॉलनीच्या मंडळाने फ्लेक्स लावला. 'नाशिकमधील महिला क्रिकेटचे आद्य गुरू' यांचा भव्य सत्कार. मधोमध सरांचा गोलाकार फोटो. विश्वचषक हातात घेतलेला मुलींचा संघ खालच्या कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा. मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला, माजी विद्यार्थिनी म्हणून तुम्ही दोन शब्द बोला. मी हो म्हणाले. इतक्या लगेच म्हणाले की त्यांना आश्चर्य वाटलं असावं.

सर आता थकले होते. काठी आली होती, मान हलत होती. पण माईक हातात आल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि महिलांचा संघ म्हणून दाखवला. फलंदाजीच्या क्रमाने, एका दमात, अकरा नावं, एकही चूक नाही. पंधरा दिवसांत सुनेच्या मोबाईलवरून पाठ केला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग सर म्हणाले, "या मुलींच्या आधीच्या पिढ्यांनी काय सोसलं! आरक्षण नसलेल्या डब्यातून गेल्या, एकमेकींच्या बॅटींनी खेळल्या. त्यांचा इतिहास लिहायचा तर ग्रंथ अपुरे पडतील." आणि काठीने माझ्याकडे दाखवून म्हणाले, "आणि ही आमची सुनंदा. हिला वेगवान गोलंदाज मी केली. तेव्हाच सांगितलं होतं, वेगात टाक!"

मी उठले आणि सगळं सांगितलं. आरडाओरडा नाही, रडणं नाही. पाठांतर सांगितलं, मंदा शिरसाठ सांगितली, काड्यापेटी सांगितली, मुंबईच्या बाईंना सरांनी विचारलेलं "फिरायला?" सांगितलं, पायरीच्या सिमेंटवर घासलेला चेंडू सांगितला. मला वाटलं होतं, सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होईल. लोक हसले. "फिरायला?" ला तर पहिल्या रांगेतल्या आजोबांना ठसका लागला. नववा कोण, यावर टाळ्या पडल्या. काड्यापेटीला सर स्वतःही खदखदून हसले आणि रुमालाने डोळे पुसले. मी बसले तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "गुरु-शिष्येचं हे किती मोकळं, निखळ नातं!" आणि मला गुलाबाचं फूल दिलं. एवढी वर्षं जपून ठेवलेली गोष्ट मी शेवटी सांगितली, तर तिची करमणूक झाली. त्या संध्याकाळी मला सरांपेक्षा त्या सभागृहाची जास्त किळस आली.

कार्यक्रम संपल्यावर सरांना घरी सोडायला कोणी नव्हतं. ज्यांनी आणलं होतं ते फोटो काढण्यात गुंतले होते. मी बाहेर जाऊन रिक्षा थांबवली आणि सरांना हाताला धरून आत बसवलं. अंगावर शाल, मांडीवर नारळ. मी वळणार तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं.

"सुनंदा. चेंडू खरंच वळायचा का गं?"

"वळायचा, सर."

"मग त्या दिवशी..." ते थांबले. "मी घासला नसता, तर तुझी निवड झाली असती का?"

सरांनी मला हजारो प्रश्न विचारले असतील. त्यातल्या प्रत्येकाचं उत्तर त्यांना आधीच माहीत असायचं. हे एकच माहीत नव्हतं. डोळे उघडे ठेवून ते माझ्या तोंडाकडे बघत होते. 'कोण जाणे' म्हटलं असतं तरी भागलं असतं. 'नाही' म्हटलं असतं तर म्हातारा सुखाने घरी गेला असता, आणि मलाही जाताना हलकं वाटलं असतं.

"झाली असती," मी म्हटलं. "त्या बाईंनी मला सांगितलं होतं. हवेत हलला असता तर आज तुला नेली असती, म्हणाल्या."

सरांनी मनगट सोडलं. नारळ मांडीवरून घसरत होता, तो दोन्ही हातांनी धरला. "इतिहासात असं होतं गं कधी कधी," ते म्हणाले.

"इतिहासात नाही झालं, सर. माझं झालं."

मागे सभागृहात खुर्च्या गोळा केल्याचे आवाज येत होते. मग सर अगदी बारीक आवाजात म्हणाले, "नाही म्हणायचं होतंस. ऐंशीला आलोय मी."

"मी पंधराची होते, सर."

रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "ताई, कुठं सोडायचं बाबांना?" पत्ता मीच सांगितला.